कोल्ह्याची सीडी

फुकट या शब्दाचा जागेश्वर कंडक्टरला मनस्वी राग होता. पवनी-अड्याळ-भंडारा या रस्त्यावर त्याने अर्धं आयुष्य फुकटे पकडण्यात घालवलं होतं. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन ‘पाच वर्सांचा हाय जी’ म्हणणाऱ्या आया, अड्याळचं तिकीट काढून भंडाऱ्यापर्यंत झोपेचं सोंग घेणारे गुरुजी, खिशात हात घालून खिडकीबाहेर धानाचं पीक बघत बसणारे पुढारी, सगळे त्याने पाहिले होते. जगात कुणी कुणाला फुकट काही देत नाही, आणि देत असेल तर त्याला पुढच्या थांब्यावर उतरवून चौकशी करावी, एवढं त्याचं साधं तत्त्वज्ञान. आणि नेमकी याच माणसाची पोरगी पवनीभर फुकट वस्तू वाटत फिरू लागली.

पहिला संशय पार्सलने आणला. पोस्टमनने ते आणता आणता अर्ध्या वॉर्डाला दाखवलं होतं, कारण त्यावर परदेशी तिकिटं होती. तृप्तीने ते अंगणातच फोडलं. आत गोल गोल चिकटपट्ट्या आणि एक टी-शर्ट. दोन्हींवर एकच चित्र: निळ्या पृथ्वीला वेटोळं घालून बसलेला, शेपटी पेटलेला कोल्हा.

जागेश्वर ड्युटीवरून नुकताच आला होता. खाकी शर्टाची बटणं सोडता सोडता त्याचे हात थांबले. कुठला शहाणा व्यापारी आपल्या मालावर कोल्हा छापेल? हत्ती छापतात, कमळ छापतात, फार तर वाघ छापतात.

“हे काय व्हय?”

“फायरफॉक्स आहे, बाबा. सॉफ्टवेअर. इंटरनेट पाहाचं.” भंडाऱ्याच्या कॉलेजात तृप्ती कॉम्प्युटर शिकत होती, शेवटच्या वर्षाला. “फुकट भेटते. आम्ही पोरंपोरी मिळून त्याचा प्रचार करून राहिलो. सीडीवर टाकून देतो लोकायले.”

“कंपनी कुठची?”

“कंपनी अशी नाई. संस्था हाय. पन बनवलं जगभरातल्या लोकायनं मिळून. मालक कोनीच नाई.”

“मालक नाई?” जागेश्वर ओट्यावर बसला. “मंग पळून गेल्यावर पकडाचं कोनाले?”

तृप्ती हसली. जागेश्वर हसला नाही.

“तुले काय भेटते?”

“काही नाई.”

“पगार?”

“नाई.”

“कमिशन?”

“नाई हो बाबा. पॉइंट भेटतात फक्त. आपल्यामुळं जितक्या लोकायनं घेतलं, तितके पॉइंट. त्याच्यावरच हे स्टिकर आले.”

पॉइंट हा शब्द जागेश्वरच्या कानावर पूर्वी एकदा पडला होता. तो उठून आत गेला आणि चहा न पिता पडून राहिला. चंद्रभागेने, त्याच्या बायकोने, दोनदा हाक मारली. तिलाही ऐकू गेलं होतं. पण ती त्या विषयावर बोलत नसे.

विषय गादीचा होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या साली नागपूरहून टाय लावलेले दोन साहेब पवनीत आले होते. चुंबकाची गादी. तिच्यावर झोपलं की गुडघे, कंबर, बीपी, सगळं ठीक. आणि तुम्ही दोघांना घ्यायला लावा, ते दोघं चौघांना लावतील, तुमचे पॉइंट वाढतील, तुम्ही घरी बसून साहेब व्हाल. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाने तेव्हा मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला. टायला भुलला, दुसरं काय! बसमध्ये तिकीट फाडता फाडता त्याने गाद्या विकल्या. कंडक्टरसाहेब सांगतात म्हटल्यावर लोकांनी घेतल्या. पहिली गादी घेतली ती भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुंताबाईने, गुडघ्यांसाठी. तिने आपल्या बहिणीला घ्यायला लावली, लेकीच्या सासरच्यांना लावली. मग एक दिवस नागपूरचा फोन लागेना. टायवाले गेले ते गेलेच. कुंताबाईच्या लेकीला सासरी टोमणे सुरू झाले आणि खुद्द कुंताबाईचे गुडघे होते तसेच कुरकुरत राहिले.

कुंताबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. इकडची रीत अशी की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. कुणी वाटीभर भाजी दिली तर वाटी परत जाताना त्यात काहीतरी हवं, दोन पेरू, मूठभर पोहे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. कुंताबाई आणि चंद्रभागा यांच्या मधल्या भिंतीवरून वाट्या-डब्या वर्षानुवर्षं अशा जात-येत होत्या, कुणाचं भांडं कुणाकडे आहे याचा हिशेबही राहिला नव्हता. गाद्यांचं बिंग फुटलं त्या आठवड्यात कुंताबाईने चंद्रभागेची पितळी डबी परत केली. घासून, पुसून, लख्ख. आणि रिकामी.

चंद्रभागेने झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं आणि डबी फळीवर पालथी ठेवली. ती अजून तशीच होती. त्यानंतर त्या भिंतीवरून वाटी गेली नाही की आली नाही, आणि हळूहळू गावातल्या बाकीच्या घरांच्या वाट्याही थांबल्या. जागेश्वर तोंड लपवून ड्युटीला जात राहिला. बसमध्ये त्याचा आवाज आधीपेक्षा मोठा झाला, गल्लीत मात्र तो मान खाली घालून चालू लागला.

आणि आता पोरीला पॉइंट मिळू लागले होते.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. जागेश्वर तर पाणीही गाळून बघू लागला. रविवारी तृप्ती सीड्यांची पिशवी घेऊन निघायची. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे अशी घरं पवनीत बोटावर मोजण्याइतकी. तुलारामचा फोटो स्टुडिओ, दवाखान्याजवळचे वासुदेवराव मास्तर, असेच काही. ती जाताना पिशवी हलकी असायची आणि परत यायची तेव्हा फुगलेली.

एका रविवारी परत आल्यावर ती आंघोळीला गेली असताना त्याने पिशवी उघडली. बापाने पोरीची पिशवी तपासू नये हे त्याला कळत होतं. पण तपासणी पथकाला कोण काय बोलतं? आत शिंगाडे होते. पेरू होते. कागदात बांधलेली लाखोळीची डाळ, तुरीच्या हिरव्या शेंगा आणि नव्या धानाचे पोहे.

“हे कुठून आनलं?” तृप्ती बाहेर आल्या आल्या त्याने विचारलं.

“लोक देतात, बाबा. मी नोको म्हनते तरी देतात. सीडी पन वापस करतात. मी म्हनते ठेवा, दुसऱ्याले द्या, तं आयकतच नाई.”

“लोक देतात!” जागेश्वर म्हणाला. “अवं, हे लोक मले सुट्टे पैसे देत नाई, अन् तुले शिंगाडे देऊन राहिले?”

तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं. पिशवी उघडी होती हे तिच्या लक्षात आलं. ती काही न बोलता पिशवी उचलून आत घेऊन गेली, आणि तिचं ते न बोलणं जागेश्वरला कबुलीसारखं वाटलं. टायवाल्यांनीही सुरुवातीला कुणाकडून काही घेतलं नव्हतं. उलट चहा पाजला होता. फुकट देणारा आधी हात ओला करतो आणि मग मनगट धरतो.

पुढच्या रविवारी त्याने सुट्टी घेतली आणि पोरीच्या मागे निघाला. आयुष्यभर बसमध्ये मागून पुढे सरकत आलेला माणूस, पाठलाग त्याला जड गेला नाही. तृप्ती स्टुडिओत गेली, तो पानठेल्याच्या आडोशाला उभा राहिला. ती मास्तरांकडे गेली, तो सायकलची चेन बसवायच्या निमित्ताने वाकला. सायकल दुसऱ्याचीच होती. मग ती बसस्टँडकडे वळली आणि ‘रीना झेरॉक्स व नेट कॅफे’ असं लिहिलेल्या दुकानात शिरली.

जागेश्वरने पाटी दोनदा वाचली. रीना म्हणजे कुंताबाईची सून.

पुन्हा तेच घर! बापाने सासूला बुडवलं, आता पोरगी सुनेला बुडवणार. गल्लीत मान खाली घालून तरी चालता येत होतं. आता गाव सोडावं लागेल. तो रस्ता ओलांडून तडक दुकानात शिरला. आत तीन कॉम्प्युटर, आणि तिन्हींवर कॉलेजच्या पोरी बसलेल्या. तृप्ती रीनाला पडद्यावर काहीतरी दाखवत होती.

“काही घेऊ नको हिच्यापासून!” बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज त्या खोलीत फुटला. “रीना, आयकून राहिली का? हे फसवनूक आहे. चेन आहे चेन! याले ना मालक, ना पत्ता. माझ्या पोरीच्या नादी लागू नको.”

पोरी वळून बघू लागल्या. झेरॉक्सला आलेले दोघं-तिघं दारात थांबले. तृप्ती खुर्चीवरून उठली.

“काकाजी,” रीना सावकाश म्हणाली, “तसं नाई हो…”

“सीडी वापस दे.”

“सीडी घरी हाय. पन आयका तं खरं...”

जागेश्वरने ऐकलं नाही. त्याने टेबलावरची पिशवी उचलली, उरलेल्या सीड्या तिच्यात कोंबल्या आणि तो बाहेर पडला. बाहेर आल्यावर त्याला वाटलं, आपण आज पहिल्यांदा शहाणपणाचं काम केलं. वेळेवर बेल मारली, बस थांबवली.

घरी तृप्ती त्याच्यानंतर आली. रडली नाही, भांडली नाही. टी-शर्ट, चिकटपट्ट्या, सगळं एका खोक्यात भरलं आणि खोकं त्याच्यापुढे ठेवलं. “हे पन तपासून घ्या,” एवढं म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. सकाळी ती भंडाऱ्याला त्याच्याच बसने जायची, आणि पास त्याच्यापुढे धरताना खिडकीबाहेर बघायची. परक्या प्रवाशासारखी. जागेश्वरला ते फार लागलं, पण त्याने स्वतःला समजावलं की औषध कडूच असतं.

मात्र आधीच वाटून झालेल्या सीड्यांची टांगती तलवार होतीच. गेल्या खेपेला लोक आपल्या दारी येईपर्यंत आपण लपून बसलो. या खेपेला आपणच जायचं, सगळ्या सीड्या गोळा करायच्या आणि वैनगंगेत बुडवायच्या. पुढल्या सुट्टीला रिकामी पिशवी घेऊन तो निघाला.

पहिल्यांदा स्टुडिओ.

“तुलाराम, माह्या पोरीनं जे सीडी देली होती ते वापस दे.”

“काहून जी? काही चुकलं का आमचं?”

“चुकलं नाई. वापस दे फक्त.”

तुलारामने डोकं खाजवलं. “ते तं माह्या साळ्यानं नेली एकोडीले. त्यानं तिकडं अजून कोनाकोनाले देली म्हने. आमच्या मशीनमधी घातलेली हायच. लय मस्त चालते, भाऊ. पयले काहीबाही जाहिराती उघडत, गिऱ्हाइकासमोर लाज वाटे.”

“म्हनजे एकाच्या तिकिटावर किती जनं बसले?” जागेश्वर ओरडला.

“बसू द्या ना. तृप्तीताईच म्हनल्या, जितक्यायले द्याल तितकं चांगलं. थांबा, माह्यावाली कॉपी घेऊन जा.” त्याने आत जाऊन एक सीडी आणली आणि तिच्यासोबत पुडीत बांधलेले शिंगाडे.

“हे काय?”

“तुमच्या घरची वस्तू वापस जाऊन राहिली. रिकामी कशी देऊ?”

जागेश्वरने पुडी उलटीपालटी करून पाहिली आणि पिशवीत टाकली. तो पुढे निघाला.

वासुदेवराव मास्तरांनी सीडी दिली आणि परसातले पेरू दिले. “पोरीले शाबासकी सांगजा,” म्हणाले. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या बायकोने तुरीच्या शेंगा घातल्या आणि वर म्हणाली, “एवढ्या दिवसानं तुमच्या घरची वस्तू आली, लगेच वापस काहून मांगता, भाऊ?” एकाने डाळ घातली. कुणीही वस्तूबद्दल तक्रार केली नाही. कुणीही गादीचं नाव काढलं नाही. उलट, कुणाला काय चुकलं ते समजत नव्हतं. पिशवी फुगत गेली आणि जागेश्वर आतून रिकामा होत गेला. ज्याला तो वसुली समजला होता ते हे होतं. लोक सीडीला वाटी समजत होते. आणि ज्या घराच्या वाट्या गावाने थांबवल्या होत्या, त्या घराची पोरगी पुन्हा दारोदार वाटी फिरवून आली होती, गादीचा विषय एकदाही न काढता.

रीनाच्या दुकानाकडे जायची त्याची छाती झाली नाही. घरी येऊन तो ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. चंद्रभागेने पिशवीत डोकावून पाहिलं. शिंगाडे, पेरू, शेंगा.

“आता तुमाले पन पॉइंट भेटले वाटते,” ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

ऊन उतरत होतं तेव्हा फाटक वाजलं. कुंताबाई. गुडघ्यावर एक हात, दुसऱ्या हातात स्टीलची ताटली. ताटलीत मुरमुऱ्याचे लाडू आणि लाडवांवर टेकवलेली ती कोल्ह्याची सीडी. गाद्यांच्या भानगडीनंतर ती पहिल्यांदा या अंगणात पाय ठेवत होती. चंद्रभागा पदराला हात पुसत दारात आली. तृप्तीही मागे येऊन उभी राहिली.

“घ्या,” कुंताबाई म्हणाली. “गावभर वापस मांगत फिरले म्हने. आमच्याचकडं नाई आले. म्हनून मीच आली.”

जागेश्वर उठला. “बाई, मी…”

“बसा. माहं बोलनं होऊ द्या.” तिने ताटली ओट्यावर ठेवली. “सुनेच्या दुकानात त्या मशीनवर घानेरडे चित्र उघडत. पोरी येतच नव्हत्या. लोक मले म्हनत, तुमच्या घरी कसला धंदा चालते. या पोरीनं येऊन ते बंद केलं. एक कप चहा घेतला नाई. आता पोरी येतात, आपले फारम भरतात. असं काम केलं हिनं.”

कुंताबाईने जागेश्वरकडे सरळ पाहिलं.

“भाऊ, त्या टायमाले गाद्या खोट्या निघाल्या, तवा तुम्ही एकाच्या बी दारी वापस न्याले आले नाई. अन् आता पोरीनं खरी वस्तू देली, तं दारोदार वापस मांगून राहिले.”

ती वळली आणि गुडघा सांभाळत फाटकातून निघून गेली. आवाज चढवला नाही की फाटक आपटलं नाही. जागेश्वर उभाच होता. तोंडात मारली असती तर बरं, असं त्याला दुसऱ्यांदा त्याच बाईबद्दल वाटलं. त्याने तृप्तीकडे पाहिलं. या खेपेला तिने मान फिरवली नाही.

ताटली ओट्यावरून आत गेली आणि रात्रभर फळीवर, पालथ्या डबीशेजारी राहिली. सकाळी जागेश्वरने डेपोत निरोप पाठवला की आज येत नाही. चंद्रभागेने लाडू काढून घेतले आणि ताटलीत नव्या तांदळाचे वडे घातले. जागेश्वरने त्यांच्यावर ती सीडी ठेवली, जशी आली होती तशी, आणि ताटली घेऊन निघाला. भिंतीपलीकडचं घर, पण फाटकातून गल्लीत उतरून, लोकांच्या डोळ्यांदेखत गेला. मान खाली घातली नाही.

कुंताबाई अंगण सारवत होती. त्याने ताटली पायरीवर ठेवली.

“सीडी तुमच्याकडंच राहू द्या,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोनाले पाहिजे असन तं द्या. अन् गादी आना.”

“काय आना?”

“गादी. वापस न्याले आलो.”

कुंताबाईने हातातला पोतेरा खाली ठेवला. मग तिने आत हाक मारली. रीनाने माळ्यावरून गादी ओढून काढली. धुळीने काळी, एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलेली, आत चुंबकं म्हणून भरलेल्या चकत्या खडखडत होत्या. जागेश्वरने ती दुमडून डोक्यावर घेतली. चांगलीच जड होती. तो गल्लीत आला तेव्हा नळावरच्या बायका थांबल्या, पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. सगळ्या पवनीला ती गादी ओळखू येत होती.

“अजून कोनाकोनाकडं हाय, सांगून ठेवा,” तो गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला. “मी येतो न्याले.”

गादी मागच्या बाजूने घसरू लागली. त्याने सावरायचा प्रयत्न केला; हात पुरेना. तेवढ्यात मागचा भार कुणीतरी उचलला. त्याला वळून बघता येत नव्हतं, पण धुळीने आलेली शिंक त्याच्या ओळखीची होती.

“सरळ चाला, बाबा,” तृप्ती मागून म्हणाली. “मी धरली आहे.”

त्याचे डोळे भरून आले. हात गुंतलेले, पुसायचे कसे? तो पाऊल टाकणार तोच कुंताबाईची हाक आली.

“थांबा!”

दोघं भर गल्लीत गादी घेऊन उभे राहिले. कुंताबाई गुडघा धरत बाहेर आली. तिच्या ओंजळीत पोहे होते. गादीची घडी उचकटून तिने ते आत घातले.

“आता न्या,” ती म्हणाली.